पन्नास मैलांच्या आत

आमच्या उर्दू शाळेची सहल २०१८ च्या डिसेंबरात मुंबईला गेली होती. रायगड जिल्ह्यातून पहाटे चारला एस.टी. सुटली. आठवी-नववीच्या बेचाळीस मुली आणि आम्ही चौघी शिक्षिका. सकाळी वस्तुसंग्रहालय पाहून झाले. तिथे सगळी सोय होती, त्यामुळे काही अडले नाही. अडले ते दुपारी, बाजारपेठेच्या भागात. मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सकाळी भरल्या होत्या तशाच होत्या. इतक्या उन्हात तुम्ही पाणी का पीत नाही, असे विचारले तर एकीने सांगितले, "टीचर, अम्मीनं बजावलंय, मुंबईत पाणी पिऊ नको." आम्हाला वाटले, मुंबईचे पाणी बाधेल म्हणून आई घाबरली असेल. तसे नव्हते. "पाणी प्यायलं की जावं लागतं. कुठं जाणार?"

आईचे खरे होते. तासभर आम्ही शोधत फिरलो. एका ठिकाणी स्त्रियांच्या बाजूला कुलूप होते. किल्ली कोणाकडे आहे हे बाहेर बसलेल्या माणसालाही ठाऊक नव्हते. दुसरीकडे दार उघडे होते, पण आत नळाला पाणी नव्हते आणि कडी तुटलेली होती. तिसरी नुसतीच मुतारी, म्हणजे अर्थात पुरुषांची. मराठीत मुतारी हा शब्द उच्चारला की स्त्री डोळ्यांसमोर येतच नाही, हेही आम्हाला त्या दिवशीच पहिल्यांदा जाणवले.

ही गोष्ट वार्षिकाच्या इतिहासाच्या पानांत कशाला, असे कुणी म्हणेल. आम्ही इतिहास शिकवतो. बी.एड.ला पाठाची उद्दिष्टे कशी लिहायची ते शिकलो, पाठटाचणे काढली. मोहेंजोदडोच्या पाठात झाकलेली गटारे, घरोघरी न्हाणीघर, सांडपाण्याची व्यवस्था असे सगळे येते. मुली ते पाठ करून परीक्षेत लिहितात. त्यानंतर साडेचार हजार वर्षे पाठ्यपुस्तकातले कुणीही संडासला जात नाही. राजे लढाया करतात, किल्ले बांधतात, बाजारपेठा वसवतात. पण त्या बाजारात दिवसभर हिंडणाऱ्या माणसांची सोय काय होती, याची एक ओळ नाही. म्हणून सहलीनंतर मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडत आहोत.

सुरुवात शब्दांपासून करतो, कारण उर्दूच्या शिक्षकाला तेवढे तरी हक्काने बोलता येते. या जागेला आपल्या भाषांनी सरळ नाव कधी दिलेच नाही. अरबीत बैतुलखला, म्हणजे एकांताचे घर. फारसीत जा-ए-जरूर, म्हणजे गरजेची जागा. त्याचेच गुजरातीत जाजरू झाले. पायखाना म्हणजे पाय ठेवायची जागा. जुन्या मराठी वाड्यांत शेतखाना हा शब्द होता. तो सेहतखाना, म्हणजे आरोग्याचे घर, याचा अपभ्रंश मानला जातो. वाचकांनी हसू नये, पण शेताशी त्याचा काही संबंध नाही.

जागेपेक्षाही सुंदर नावे ती साफ करणाऱ्या माणसाला मिळाली. मेहतर म्हणजे फारसीत थोर, सरदार. चित्रालच्या राजाची पदवीसुद्धा मेहतरच होती. जमादार ही तर फौजेतली पदवी. आणि हलालखोर म्हणजे हलालची, कष्टाची कमाई खाणारा. हे नाव बादशहा अकबराने रूढ केले, अशी नोंद अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केली आहे. बादशहाचा हेतू चांगलाच असणार. पण नाव बदलले तरी डोक्यावरची टोपली तीच राहिली. पुढे तीनशे वर्षांनी हा शब्द मुंबईच्या कायद्यात शिरला. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात घरमालकांकडून घ्यायच्या करांत एका कराचे नावच हलालखोर कर होते. अकबराने दिलेले सन्मानाचे नाव इंग्रजांच्या बिलावर छापले जाऊ लागले.

मुसलमानांत जात नाही, असे आपण जलशांत ऐकतो. हलालखोर आणि लालबेगी बिरादऱ्यांत कलमा पढणारी माणसेही होती आणि आहेत. मशिदीत त्यांना पहिल्या सफेत उभे राहता येते. कुणी अडवत नाही. सोयरीक मात्र त्यांच्याशी कोण करतो, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

आता मदिनेकडे वळतो. हदीसच्या ग्रंथांत या विषयावर आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि तेही मोकळेपणाने. लोकांच्या वाटेवर आणि लोक बसतात त्या सावलीत घाण करणाऱ्यावर लोकांची लानत पडते, तेव्हा ते टाळा, असा स्पष्ट इशारा आहे. मदरशातल्या मुलालाही तो पाठ असतो. पण स्त्रियांविषयीच्या रिवायती क्वचितच सांगितल्या जातात. हजरत आयेशा (रजि.) यांनी आपल्यावरच्या खोट्या आरोपाची जी हकीकत सांगितली, तिच्यात ओघात एक तपशील येतो. तेव्हा घरांजवळ शौचाची सोय झालेली नव्हती. स्त्रिया वस्तीबाहेरच्या मोकळ्या जागी जात, आणि त्यासुद्धा फक्त रात्री. एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबायचे. त्या जागेचे नाव मनासी असे आले आहे. दुसऱ्या एका रिवायतीत हजरत सौदा (रजि.) बाहेर पडल्या असताना हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना उंचीवरून ओळखले आणि हटकले. त्या परत आल्या, पैगंबर (स.) यांच्या कानावर घातले, तेव्हा उत्तर मिळाले की स्त्रियांना आपल्या गरजेसाठी बाहेर पडण्याची परवानगी आहे.

ही रिवायत पडद्याच्या चर्चेत शेकडो वेळा येते. तिचा दुसरा अर्थ आम्हाला मुंबईच्या त्या बाजारात उमगला. स्त्रीची नैसर्गिक गरज ही तिच्या बाहेर पडण्याच्या हक्काशी बांधलेली आहे, आणि जिची गरज भागत नाही तिचा बाहेर पडण्याचा हक्क कागदावरच राहतो. रात्रीची वाट पाहणाऱ्या त्या स्त्रिया आणि बाटली न उघडणारी आमची नववीतली मुलगी यांच्यात चौदा शतकांचे अंतर आहे. अडचण एकच आहे.

नमाजासाठी पाकी हवी, पाकीसाठी पाणी हवे. त्यामुळे मुसलमानी शहरांत मशीद आली की हौज आला, हौजाबरोबर तहारतखाना आला. मोरोक्कोतल्या मराकेशमध्ये बाराव्या शतकातला एक घुमट आजही उभा आहे. तो कबरीवरचा नाही, वजूच्या जागेवरचा आहे, आणि त्याच्याभोवती शौचकूपांचे अवशेष सापडले आहेत. फेस शहरात चौदाव्या शतकातल्या बू इनानिया मदरशासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वजू आणि शौचासाठी स्वतंत्र इमारत बांधलेली आहे. समोरच्या मदरशाइतकीच तीही मनापासून बांधली होती. आपल्याकडे मलिक अंबरने खडकी शहरात, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जमिनीखालून नहर आणली. ते पाणी शहराच्या हौदांत आणि मशिदींत खेळले. मुंबईच्या जामा मशिदीच्या पोटातही जुना तलाव आहे.

वाटसरूला पाणी आणि आडोसा देणे हे सवाबचे काम मानले गेले, म्हणून या सोयी टिकल्या. वक्फची जमीन, तिचे उत्पन्न, त्यातून झाडणाऱ्याचा आणि पाणी भरणाऱ्याचा पगार अशी ती रचना होती. स्वच्छतेला पैसा लागतो आणि माणूस लागतो, हे त्यांना कळत होते. पण त्यांनी मनात धरलेला वाटसरू पुरुष होता. मशिदीत येणारा तो, म्हणून तहारतखाना त्याचा. आजही कुठल्याही शहरात गेलेला मुसलमान पुरुष अडत नाही. मिनार दिसला की त्याला ठाऊक असते, खाली सोय आहे, तोटीचा लोटा आहे, पाणी आहे. सोबत आलेली त्याची बायको बाहेर चपलांपाशी पिशव्या सांभाळत उभी राहते.

इथून मुंबईच्या इतिहासावर यायचे तर आधी लंडनला जावे लागते, कारण मुंबईच्या गटारांचे आणि संडासांचे नकाशे ज्यांनी काढले त्यांचे डोके तिथे घडले होते. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या कारागिराने काचमहालात पाण्याने धुतले जाणारे सार्वजनिक शौचकूप बसवले. एक पेनी टाकायची आणि आत जायचे. आठ लाख सत्तावीस हजारांवर लोकांनी पेनी टाकली, असा आकडा सांगतात. लोकांना हे हवे होते, हे सिद्ध झाले. तरी त्यानंतर रस्त्यांवर ज्या सोयी झाल्या त्या बहुतेक पुरुषांसाठीच.

पुढची गोष्ट नाटककार बर्नार्ड शॉ यांची. ते लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात काही वर्षे सदस्य होते. १९०० च्या सुमारास तिथल्या एका चौकात स्त्रियांसाठी शौचालय बांधायचा प्रस्ताव आला. विरोध झाला. सभ्य स्त्रिया असल्या जागी जाणारच नाहीत, आसपासच्या घरांच्या किमती पडतील. अडथळा होतो का ते पाहायला चौकात लाकडी सांगाडा उभा केला, तर गाडीवानांनी मुद्दाम त्याच्यावर गाड्या घातल्या आणि पाहा, रहदारीला अडचण होते, असे दाखवून दिले. शॉ यांनी १९०९ मध्ये यावर लेख लिहिला आणि मांडले की असल्या समित्यांवर स्त्रिया नसतील तर हे प्रश्न सुटायचे नाहीत. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरातली ही कथा आहे, म्हणून एवढी सांगितली. आपल्याकडचेच लोक मागासलेले, असे म्हणून कपाळाला हात लावण्याची आपल्याला जी सवय आहे, ती या बाबतीत तरी सोडायला हरकत नाही.

मुंबईत १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरची जागा निर्माण झाली आणि आर्थर क्रॉफर्ड पहिले कमिशनर झाले. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले होते, नंतर तुळशीचे आणि तानसाचे आले. गटारे हळूहळू झाली. पण बहुतेक चाळींत आणि घरांत टोपल्यांचे संडास होते. दोन इमारतींच्या मधून एक अरुंद बोळ ठेवलेला असे. मुंबईची जुनी माणसे त्याला आजही घरगल्ली म्हणतात. त्या बोळातून हलालखोर यायचा किंवा यायची, टोपली काढायची, गाडीपर्यंत न्यायची. गुजरात-काठियावाडातून आलेली ही माणसे होती. वरच्या मजल्यावरच्या लोकांना त्यांचा चेहरा कधी दिसू नये, हाच त्या बोळाचा उपयोग. घरगल्ल्या पुष्कळ शिल्लक आहेत. आता त्यांत कचरा साचतो. या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये आणि त्याहून कडक दुसरा २०१३ मध्ये झाला. गटारात उतरून माणसे मरण्याच्या बातम्या त्यानंतरही थांबलेल्या नाहीत.

हे झाले घरातले. घराबाहेर काय? आमच्या हाती सर्वांत बोलका पुरावा लागला तो रेल्वेच्या कायद्यात. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या ६४ व्या कलमाने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा-कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले. ही चांगलीच गोष्ट. त्याच कलमात पुढे म्हटले होते की गाडी पन्नास मैलांपेक्षा जास्त जाणार असेल, तर अशा एका कप्प्यात शौचाची सोय असलीच पाहिजे. पुरुषांना खालच्या वर्गात तेव्हा तेवढेही नव्हते, म्हणजे कायदा करणाऱ्याने स्त्रियांचा विचार केला होता हे मान्य करायला हवे. पण त्या विचाराची मर्यादा पाहा. पन्नास मैल म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर. तेवढ्या अंतरापर्यंत बाईने सोसावे, हे सरकारने मोजून ठरवले होते.

बोरीबंदरहून कल्याण पन्नास मैलांच्या आत, चर्चगेटहून विरार पन्नास मैलांच्या आत. मुंबईची बहुतेक लोकल पन्नास मैलांच्या आतच धावते. १८९० चा तो कायदा जाऊन १९८९ चा आला, लोकलमध्ये शौचालय आजही नाही. मग सगळा भार स्थानकांवर पडतो, आणि स्थानकावरच्या स्त्रियांच्या बाजूचे दार उघडे असेल का, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. मासळीची पाटी घेऊन पहाटे निघणारी कोळीण, दुपारी दोन पाळ्यांच्या मधे रस्त्यावर असणारी घरकामाची बाई, पदपथावर बसून लिंबू-मिरची विकणारी म्हातारी, या सगळ्या पन्नास मैलांच्या आतल्या. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यात स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या सोयी सक्तीच्या केल्या. तो कायदा फाटकापाशी संपतो. फाटकाबाहेर ज्या बायका कष्ट करतात त्यांची गणती कुठल्याच कलमात झाली नाही.

पैसे घेऊन स्वच्छता राखण्याची कल्पना आपल्याकडे रुजवली ती बिंदेश्वर पाठक यांनी. १९७० मध्ये त्यांनी बिहारमध्ये सुलभची स्थापना केली, १९७४ मध्ये पाटण्यात पैसे देऊन वापरायचे शौचालय सुरू झाले आणि मग देशभर पसरले. ही कल्पना चालली, कारण तिच्यात पाण्याची आणि झाडणाऱ्याच्या पगाराची सोय होती. जुन्या वक्फांनी जे ओळखले होते तेच. फरक इतकाच की इथे खर्च वापरणाऱ्याच्या खिशातून येतो, आणि तिथे एक नवी विषमता आली. पुष्कळ ठिकाणी पुरुषाला उभ्याने लघवी करायला पैसे पडत नाहीत; स्त्रीला त्याच कामासाठी पडतात, कारण तिला बंद खोली लागते. दिवसातून तीनदा गेले तर भाजीवालीच्या कमाईत तो फरक जाणवतो. मग ती तिसऱ्यांदा जात नाही, नंतर दुसऱ्यांदाही जात नाही.

याच मुद्द्यावर २०११ मध्ये मुंबईतल्या अनेक संस्थांनी एकत्र येऊन 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली. नाव ऐकून पेपरवाल्यांनी आधी चेष्टा केली असेल, पण त्या कार्यकर्त्यांनी वस्त्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन मुताऱ्या मोजल्या, कुलपे मोजली, दर मोजले आणि महापालिकेपुढे ठेवले. पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाच्या बाजूने महापालिकेविरुद्ध याचिका झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रियांना स्वच्छ व सुरक्षित शौचालय मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि ते पुरवणे महापालिकांचे कर्तव्य आहे, असे त्यात आले. एका मराठी मासिकाने हे केले, याचे आम्हाला अप्रूप वाटते. आमच्या मुली ते मासिक वाचत नाहीत. त्यांना उर्दूत असे काही वाचायला मिळत नाही.

सरकारने काय करावे हे न्यायालयाने सांगितले. आपण काय करू शकतो, यावर आमचे एक म्हणणे आहे आणि ते काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही. शहरातल्या बहुतेक गजबजलेल्या भागांत मशीद आहे. तिथे पाणी आहे, साफ करणारा माणूस आहे, पाकीची शिस्त आहे. महापालिकेला पन्नास वर्षांत जमले नाही ते तिथे दररोज पाच वेळा घडते. मशिदीत यायला स्त्रियांना मनाई नाही, असे मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितले आहे. तर मग तिच्यासाठी वेगळ्या दाराचा एक तहारतखाना बांधायला अडचण कसली? जागा नाही, हे उत्तर नेहमी मिळते. कमानीवरच्या रोषणाईला आणि नव्या मिनाराला जागा मिळते, चंदाही जमतो. आम्ही आमच्या गावच्या कमिटीकडे एकदा विषय काढला होता. "बच्चियाँ घर से होकर आएँ" असा सल्ला मिळाला.

त्या डिसेंबरात शेवटी काय झाले ते सांगायचे राहिले. जोहरची जमात होऊन गेली होती. एका गल्लीतल्या छोट्या मशिदीच्या दारात पिकल्या दाढीचे खादिम चटया झटकत होते. आमच्यातल्या वयाने मोठ्या आपा पुढे झाल्या आणि त्यांनी सांगून टाकले. खादिमचाचा क्षणभर मुलींच्या रांगेकडे बघत राहिले. मग आत जाऊन कुणी राहिले नाही ना ते पाहिले, बाहेरच्या बाजूने तहारतखान्यात उतरणारे लोखंडी दार उघडले आणि पाठ आमच्याकडे करून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. दोन माणसे वजूला आली, त्यांना त्यांनी थांबवले. एकाने कुरकुर केली. चाचा म्हणाले, "असर को देर है, मियाँ. बैठो." बेचाळीस मुलींना पाऊण तास लागला. निघताना आपांनी मशिदीच्या पेटीत काही नोटा टाकल्या. मुलींनी मग पाणी प्यायले, आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये इतका गोंगाट केला की ड्रायव्हर वैतागला.

२०१९ मध्ये पुन्हा सहल नेली. तीच गल्ली आम्ही मुद्दाम वेळापत्रकात बसवली होती. चाचा गावी गेले होते, कायमचे. नव्या खादिमने ट्रस्टींना विचारून सांगतो म्हणून फोन लावला, आणि आम्ही गल्लीत उभे राहून वाट पाहिली. लोखंडी दाराला नवे कुलूप होते. अर्ध्या तासाने असरची अजान झाली आणि माणसे येऊ लागली, तेव्हा आम्ही मुलींना घेऊन बसकडे निघालो.